उघडे राहिलेले परमिट

अशा गोष्टींवर माझा विश्वास नाही. हा मजकूर लिहून झाल्यावरही बसणार नाही. या सदरातले अनुभव मी नियमाने वाचतो आणि बहुतेकांचे कारण मला पहिल्याच परिच्छेदात सापडते. माझ्या अनुभवाचे सापडलेले नाही, म्हणून लिहितो.

माझी नोकरी परळीला वीजनिर्मितीत, कंट्रोल रूममध्ये गेली. तिथे एक नियम होता. यंत्रावर माणूस जाण्यापूर्वी त्याच्या नावाचे परमिट निघे आणि स्विचवर ‘चालू करू नये’ अशी लाल पाटी लागे. तो माणूस बाहेर येऊन स्वतः सही करीपर्यंत परमिट उघडे राही. दुसऱ्या कोणालाही ते बंद करता येत नसे... मुख्य अभियंत्यालाही नाही.

निवृत्तीनंतर मी पायथन ही संगणकाची भाषा शिकलो. माझा धाकटा भाऊ बबन तेलगावजवळ शेतातल्या वस्तीवर राहतो. त्याच्या विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरजवळ मी बॅटरीवर चालणारी एक पेटी बसवली. ती सिमवरून अधूनमधून माझ्या परळीच्या घरी माहिती पाठवते : वीज आहे की नाही, मोटार चालू की बंद, पाणी किती, ऑटो लावलेला आहे की नाही. ही माहिती एक्सएमएल नावाच्या पद्धतीने लिहिलेल्या एका सलग स्ट्रिंगमधून, म्हणजे अक्षरांच्या माळेतून येते. तिची शिस्त सोपी आहे. प्रत्येक बाबीच्या आधी तिच्या नावाची उघडणारी खूण, नंतर बंद करणारी; संपूर्ण मजकुराभोवतीही तशीच जोडी. मी लिहिलेला प्रोग्रॅम, म्हणजे पार्सर, ही स्ट्रिंग उलगडतो. एक जरी खूण उघडी राहिली, तरी तो सगळी स्ट्रिंग नाकारतो. ही शिस्त मला आवडते.

ऑटोविषयी सांगणे आवश्यक आहे. आमच्याकडे शेतीची वीज येत-जात असते. म्हणून स्टार्टरला ऑटो लावतात. वीज आली की मोटार आपोआप सुरू होते. ऑटो काढण्याची आज्ञा पेटीला माझ्या फोनवरूनही देता येते. विहिरीत उतरताना ऑटो काढ आणि लाल पाटी लाव, असे मी बबनला बजावले होते.

"पाटी?" तो हसला होता. "दादा, हितं वाचणार कोण? बैलं? अन् ऑटोला तर वाचताच येत न्हाई."

त्या दुपारी पार्सरने एरर दिली — स्ट्रिंग अपुरी. त्यात नवल नव्हते. रेंज गेली की ती तुटते. मी कच्ची स्ट्रिंग पडद्यावर घेतली. वीज नाही. मोटार बंद. ऑटो लावलेला. त्यापुढे 'परमिट' अशी उघडणारी खूण होती, तिच्यानंतर रोमन अक्षरांत बबनचे नाव... आणि तिथेच स्ट्रिंग संपली होती.

मी विचार केला नाही. नाव दिसले की आधी स्विच, मग प्रश्न, ही आयुष्यभराची सवय. फोनवरून आज्ञा पाठवून मी ऑटो काढला. मग बबनला फोन केला. त्याने उचलला नाही. त्याच्या पत्नीला केला.

"सुमन, बबन कुठे आहे?"

"हिरीत उतरलेत, दादा. केबलचा जोड सुटलाय म्हनं. कावून?"

"उतरताना ऑटो काढला होता?"

"न्हाई वाटतं. लाइट चारला येती, तवर व्हतंय म्हनले—" ती थांबली. "आवं, पंखा फिरायला लागला! लाइट आली, दादा!"

चार वाजायचे होते. फोन तिच्या हातात तसाच राहिला. तिचे पळणे, मग तिच्या हाका मला ऐकू येत होत्या. उत्तर ऐकू येत नव्हते. तेवढ्या वेळाविषयी मला काही लिहायचे नाही.

मग बबनचा आवाज आला, लांबून, वैतागलेला. "काय बोंबलायलीस गं? येतोय की वर!"

थोड्या वेळाने तो फोनवर आला. आवाज उतरला होता. "दादा, उगडी केबल हातात होती माज्या. पान्यात उबा होतो. मोटार चालू कशी न्हाई झाली?"

"वर आलास का?"

"आलोय की."

"ठीक." मी फोन ठेवला.

तोवर पडद्यावर नवी स्ट्रिंग येऊन थांबली होती. मधल्या वेळात पेटीने काहीही पाठवले नव्हते. या स्ट्रिंगमध्ये माहिती नव्हतीच. फक्त बंद करणाऱ्या दोन खुणा होत्या : एक परमिटची, दुसरी संपूर्ण मजकुराची.

मी शक्य ती चौकशी केली. पेटी तयार करणाऱ्यांनी सांगितले, तिला चार बाबींचीच नावे ठाऊक आहेत. पाचवे घालण्याची सोय नाही. माझा प्रोग्रॅम स्ट्रिंग वाचतो, लिहीत नाही. बबन उतरणार हे मला माहीत नव्हते. बीडच्या एका जाणकाराने दोन्ही स्ट्रिंग पाहिल्या आणि म्हणाला, "काका, चाचणीसाठी तुम्हीच कधी टाइप केलं असेल." मी टाइप केलेले नाही.

बबन आता ऑटो काढून, पाटी लावूनच उतरतो. सुमनने ती तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केली आहे. "कोन वाचतंय ठावं न्हाई," तो म्हणतो, "पन वाचतंय."

दोन्ही स्ट्रिंग मी जपून ठेवल्या आहेत. वेगवेगळ्या दिल्या, तर पार्सर दोन्ही नाकारतो. एकीला दुसरी जोडून दिली, तर निमूट स्वीकारतो. परमिट उघडले, माणूस वर आला, परमिट बंद झाले — सर्व नियमानुसार.

एकच उणीव आहे. आमच्या परमिटवर देणाऱ्याची सही असे. यावर ती नाही.