ओसरीपर्यंत आवाज

दुपारी मटार सोलताना रेडिओवर ते गाणं लागलं आणि माझे हात थांबले. माहेरी भाकऱ्या थापताना मी ते रोज म्हणायचे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासरे म्हणाले, "सुनेचा आवाज ओसरीपर्यंत येऊ नये." मी गप्प झाले.

आज शब्दन् शब्द आठवला. आनंद झाला, पण त्याहून जास्त संताप आला. इतकी वर्षं गाणं माझ्याच गळ्यात कोंडलेलं होतं, आणि लोक कौतुकानं म्हणत राहिले, सून मोठी शांत हो.

शेवटच्या कडव्याआधीच लाईट गेली, रेडिओ बंद पडला. मग पुढचं मीच म्हणू लागले, मोठ्यानं.

ओसरीवरून आमचे हे ओरडले, "अगं, तो रेडिओ बंद कर."

"रेडिओ केव्हाच बंद पडलाय," मी म्हटलं, आणि गाणं पहिल्यापासून धरलं.