गोणीची जागा

रंजे,

तुला वाचता येत नाही, म्हणून रविवारी घाटकोपरला येऊन मीच हे वाचून दाखवीन. तोंडाने सांगायला गेले की तू मध्येच भांडतेस. लिहिलेलं तरी गुपचूप ऐकशील.

आपल्या पुलाखालून मी निघाले त्या सकाळी माझी गोणी तूच बांधून दिलीस. चादर, टोप, दोन ड्रेस, आईचा फोटो. म्हणालीस, "परत आलीस ना, तर तंगडी तोडीन!" आणि तोंड फिरवून बसलीस. मावशी पाटी घेऊन पुढे चालत होती. ती इमारतींत मासे विकायला यायची तेव्हा मी तिची पाटी जिन्यावरून चढवून द्यायचे, एवढीच आमची ओळख. तेवढ्यावर बाई मला वेसाव्याला स्वतःच्या घरी घेऊन निघाली होती.

तंगडी तुला दोनदा तोडता आली असती. दोनदा पुलाखाली पळून आले. हे लोक आज ना उद्या हाकलणारच, मग आपणच गेलेलं बरं, असं वाटायचं. दोन्ही वेळा मावशी शोधत आली. ना शिव्या, ना उपदेश. "कोलंबी सोलाची हाय गो. चल."

आपली सवय तुला ठाऊक आहे. सामान नजरेआड झालं की गेलंच. पाणी भरायला जायचं तरी एकीने राखण करायची. वेसाव्यातही मी गोणी सोडली नाही, रोज खांद्यावर घेऊन बाजारात जायचे. बाकीच्या कोळणी हसायच्या, "काय गो, रोज घर बदलतेस काय?" मावशी हसली नाही. तिने मासे मांडायच्या फळीखालची बर्फाची पेटी सरकवून गोणीला जागा केली. अशी दोन वर्षं गेली. आईच्या फोटोलाही बोंबलांचा वास लागला.

गेल्या मंगळवारी दुपारी सवयीने फळीखाली हात घातला, तर गोणी नाही. माझी वाटच लागली. "माझं सामान गेलं!" म्हणून ओरडले.

मावशी सुरमई कापत होती. मान वर न करता म्हणाली, "घरीच हाय. कोन नेतंय?"

खरंच. सकाळी गोणी खाटेखाली सरकवून, दाराला कुलूप लावून मी निघाले होते आणि मला पत्ताही नव्हता. तिथेच ओल्या फरशीवर बसून रडले. आनंदाने वगैरे नाही गं. इतकी वर्षं राखण करून किती दमले होते, ते तेव्हा कळलं. अजूनही दमलेलीच आहे. घर म्हणजे काय विचारशील तर मला एवढंच कळतं, सामान ठेवून विसरता येतं ती जागा.

फळीखाली आता रिकामं आहे. बर्फाची पेटी परत सरकवायला गेले, तर मावशी खेकसली, "ऱ्हाऊ दे. ती दुसरी यायची हाय ना?"

तुझं नाव ती विसरते, तुला विसरलेली नाही. रंजे, गोणी बांध. सगळं घे, मागे काही ठेवू नकोस, आणि हवी तितकी वर्षं खांद्यावर घेऊन फिर. परत पुलाखाली पळालीस तरी तंगडी तोडणार नाही. शोधायला येईन.