नव्या स्टिरिओतली एसटीची घंटा

मंडळी, भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाणाऱ्यांतली मी आहे. आमच्या मालवणात अशा गोष्टींना तोटा नाही. कुठल्याही तिठ्यावर उभे राहा, तिथे कुणाला ना कुणाला काहीतरी दिसलेलं असतंच. मला आजवर काही दिसलेलं नाही, आणि ज्यांना दिसलं त्यांची मी भरपूर टर उडवलेली आहे. त्यामुळे हे वाचून कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा... माझं काही म्हणणं नाही. आणि घाबरू नका, गोष्टीत कुणी मरत नाही. माझे बाबा या क्षणी ओटीवर बसून रेडिओ लाव म्हणून माझ्या नावाने ओरडताहेत.

आमचं घर तोंडवलीपासून थोडं आत, चढावाच्या बाजूला. घरात मी आणि बाबा, दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. मी लग्न केलेलं नाही — का, ते विचारायला गावात बरीच माणसं आहेत, तुम्ही नका विचारू. मालवणात एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. रोज गाडीने जाऊन येऊन करते. वाटेत सडा लागतो — म्हणजे कातळाचं उघडं माळरान. झाड नाही, घर नाही, दोन्ही बाजूंना नुसतं गवत.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाले, पण कंडक्टरकी काही सुटली नाही. माझ्या गाडीत बसले की बोटातल्या अंगठीने डॅशबोर्डवर दोनदा ठोकणार. ती त्यांची डबल बेल. ती मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि वाटेत एकदाच ठोकलं की थांबायचं, मग मागून डंपर येत असला तरी. कुणी ओळखीचं दिसलं, कुणाकडे ताजे बांगडे दिसले... ठक्. लहानपणापासून त्यांच्या एसटीतून शाळेला गेलेली मी. दोरी ओढली की ड्रायव्हरच्या डोक्यावर वाजणारी ती पितळी घंटा माझ्या कानात इतकी मुरलेली आहे, की आजही सिंगल बेल ऐकली तर माझा पाय आपोआप ब्रेकवर जाईल.

तर, गाडी जुनी. तिचा कंपनीचा स्टिरिओ अगदीच साधा. सीडी अडकलेली, फोन जोडता येत नाही, आणि रेडिओ सड्यावर आला की नुसती खरखर. गेल्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं, बदलायचा. कणकवलीला एकाने मोठ्या स्क्रीनचा अँड्रॉइड स्टिरिओ बसवून दिला, मागचा कॅमेरासुद्धा. चांगला माणूस, फोंडाघाटचा. "मॅडम, गाडीची एकही वायर कापणार नाही, कपलरला कपलर जोडतो," म्हणाला आणि तसंच केलं. मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मला कुणाच्या कामावर विश्वास ठेवायला वेळ लागतो.

घरी आल्यावर बाबांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या.

"गाडी चालवतंस काय शिनेमा बघतंस गो?"

"नकाशा दिसता बाबा. फोन घेवक येता."

"आणि आवाज कमी करूचो तर? बटाण खंय आसा?"

"बटाण नाय. काचेर बोट लावचा."

"बरो चालत होतो तो टेप," असं म्हणून ते आत गेले. थोड्या वेळाने परत आले, नकाशात आपलं घर दिसतं का ते बघितलं, दिसलं, आणि मग स्वारी खूश. लगेच म्हणाले, "नवी वस्तू घराक इली. पुनवेक हेका नवा बांधूक व्हया."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. नव्याच्या पुनवेला आमच्याकडे 'नवं' बांधतात. नव्या भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल असं दोऱ्याने एकत्र बांधून दाराला, कोयत्या-कुदळींना, विहिरीच्या रहाटाला लावायचं. बाबा नोकरीत असताना स्वतःच्या एसटीलाही बांधायचे.

"स्टिरिओक नवा?" मी म्हटलं. "उद्या मिक्सराक बांधशात."

"मिक्सराकय बांधतंय," बाबा म्हणाले. त्यांच्याशी बोलण्यात मी कधीच जिंकत नाही.

पुनवेच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखी सकाळी ऑफिसला गेले. मी निघाल्यावर बाबा पेज जेवले, कापडी पिशवी घेतली आणि कुरडू आणायला सड्यावर निघाले. घराजवळ कुरडू नाही असं नाही. पण ह्यांना हवा तो लांब तुऱ्याचा, सड्यावरचाच. आणि गेले ते जुन्या पायवाटेने. त्या वाटेवर मधल्या काळात चिऱ्यांची खाण पडली होती, दगड काढून झाल्यावर ती तशीच सोडून दिलेली. बाबांना हे ठाऊक होतं. पण ते म्हणतात, वाट डोक्यात नसते गो, पायात असते. त्यात पावसानंतरचं गवत कमरेएवढं. खाणीचा काठ दिसलाच नाही.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारी फोन केला होता, त्यांनी उचलला नाही. ते कधीच उचलत नाहीत, फोन शिंक्यात ठेवल्यासारखा वर ठेवून देतात. शेजारच्या सुलभाकाकी सकाळी अंगणात होत्या. त्यांनी माझी गाडी जाताना पाहिली, नंतर बाबांचं दार बंद पाहिलं. त्यांना वाटलं, दोघं मिळून बाजाराला गेली. म्हणजे दिवसभर बाबांना शोधणारं कुणीही नव्हतं.

संध्याकाळी परत येत होते. सूर्य बुडायला अजून अवकाश होता. काचा बंद, एसी चालू, नव्या स्पीकरवर गाणी मोठ्याने लावलेली. सड्यावर गाडी आली आणि गाणं एकदम गप्प झालं. स्क्रीनवर मात्र गाणं पुढे सरकत होतं... नुसता आवाज नाही. आणि मग त्या स्पीकरमधून वाजलं —

टण्.

एकदाच. मंडळी, स्टिरिओला बोट लावल्यावर जो टिक् असा बारीक आवाज येतो, तो मला माहीत आहे. हा तो नव्हता. ही एसटीची घंटा होती. दोरी ओढल्यावर घंटेच्या आधी छताला दोरी घासते ना, ते घासणंसुद्धा ऐकू आलं.

माझा पाय ब्रेकवर गेला. मी काही ठरवलं नव्हतं.

गाडी बाजूला घेतली आणि पहिल्यांदा आला तो राग. एवढा नवा कोरा स्टिरिओ आणि आठवडाभरात बिघडला. त्या कणकवलीवाल्याला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवायला सुरुवातही केली. स्क्रीनवर बोटं आपटली. काही नाही. मग म्हटलं, बंद करून चालू करून बघू. गाडी बंद केली, चावी काढली. स्क्रीन काळी झाली. चावी माझ्या हातात होती...

टण्.

आता खरं सांगते. दार उघडून मी बाहेर पडले ती भीतीने, दुसरं काही कारण नाही. त्या गाडीत मला बसवेना. रस्त्याच्या कडेला उभी राहिले, वारा सुटला होता, गवत हलत होतं. आणि त्या गवतात, रस्त्यापासून थोडं आत, एका करवंदीच्या जाळीवर पिशवी लटकवलेली दिसली. वर कुरडूचे तुरे डोकावत होते. पिशवी आमची. मीच शिवलेली, जुन्या पडद्याच्या कापडाची.

चालत्या गाडीतून ती दिसली नसती. सकाळ-संध्याकाळ त्या रस्त्याने जाते, मला माहीत आहे.

मी "बाबा, बाबा" करत गवतात घुसले आणि नशीब, काठाच्या अलीकडेच मला खाण आठवली. गुडघ्यांवर बसून पुढे सरकले. खाली बघितलं. खाण पावसाच्या पाण्याने अर्धी भरलेली, हिरवंगार पाणी. आणि पाण्याच्या जरा वर, चिरे कापल्यावर उरलेल्या पायरीवर बाबा आडवे पडलेले. एक पाय भलत्याच दिशेला. डोळे मिटलेले.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते लिहिणार नाही. मी हाका मारत राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुटपुटले, "थांबली मा गाडी?"

"थांबली बाबा. हलू नकात. मी आसंय हय."

फोन केल्याबरोबर वाडीतली माणसं शिडी आणि दोर घेऊन धावत आली. देवमाणसं. एकानेही प्रश्न विचारत वेळ घालवला नाही. बाबांना फळीवर बांधून वर घेतलं, माझ्याच गाडीत मागची सीट पाडून निजवलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, अंगातलं पाणी संपलं होतं, साखर पार खाली गेली होती. डॉक्टर मला म्हणाले, "रात्र तिथे गेली असती तर आपण आज बोलत नसतो." सुलभाकाकी हॉस्पिटलात येऊन रडल्या. "मी समाजलंय, ते तुझ्यावांगडा गेले." मी त्यांना म्हटलं, काकी, तुमचा काय चुकला? कोणालाही तसंच वाटलं असतं.

ऑपरेशन झालं, बाबा बोलायला लागले, तेव्हा मी विचारलं. तुम्ही खाली काही वाजवत होता का? दगडावर अंगठी, काठी, काहीही?

नाही म्हणाले. दुपारपर्यंत हाका मारल्या. गाड्यांचे आवाज वर ऐकू यायचे, पण थांबत कुणी नव्हतं. मग घसा बसला. नंतर गुंगी आली आणि त्या गुंगीत ते आपल्या एसटीत होते. गाडी भरलेली, आणि कुणीतरी दारातून खाली पडलेलं.

"मी दोरी ओढत होतंय गो," बाबा म्हणाले. "ओढतंय, ओढतंय... घंटा वाजता, पण ड्रायव्हर थांबणा नाय. हात दुखाक लागलो माझो. मगे एकदाची थांबली."

मी त्यांना तोवर घंटेबद्दल एक शब्द सांगितला नव्हता. उठून बाहेर गेले, हॉस्पिटलच्या जिन्यात बसले आणि भरपूर रडून घेतलं.

नंतर स्टिरिओ दाखवायला गाडी घेऊन कणकवलीला गेले. त्या माणसाने माझ्यासमोर तो उतरवला, उलटा-पालटा करून तपासला. आतल्या सगळ्या फाइल्स बघितल्या. घंटेचा आवाज कुठेच नाही. "मॅडम, पिवळी वायर बॅटरीची असते, चावी काढली तरी तिला करंट असतो. पण तो सेटिंग लक्षात ठेवण्यापुरता. स्पीकर वाजायला लाल वायरला करंट लागतो, आणि तो चावीबरोबर जातो." मग म्हणाला, "दुसरा देऊ काय?" मी नको म्हटलं. आहे तोच परत बसवून घेतला.

माझा भाचा इंजिनीअर आहे. तो म्हणतो, मावशी, तुझ्या मनाने वाजवली घंटा, तू दमलेली होतीस. असेल रे. पण बाबा खाणीत आहेत हे माझ्या मनाला कुणी सांगितलं? खरं सांगू, याचं उत्तर शोधायचं मी सोडून दिलंय. त्यानंतर स्टिरिओने काही म्हणजे काही केलेलं नाही. गाणी वाजवतो, नकाशा दाखवतो.

बाबा वॉकर धरून चालायला लागले त्या दिवशी त्यांनी देवाला नारळ ठेवायचा ठरवला. वाडीतली ती सगळी माणसं आली. गाऱ्हाणं घालायला, म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणं मांडायला, घरात मोठं माणूस तेच; बाकीच्यांनी शेवटी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. खुर्चीवर बसून, हात जोडून सुरुवात केली. एरवी मी अशा वेळी आत भांडी वाजवत असते. त्या दिवशी पुढे येऊन उभी राहिले.

"बा देवा म्हाराजा," बाबा म्हणाले, "जा काय झाला, ता कोणी केल्यान, आमका ठाऊक नाय. तू केलंस, का आमच्या वाडवडलांनी केल्यानी, का आणखी कोणी... जो कोण असात, तेणा माझ्या चेडवाक थांबयल्यान. तेचे उपकार आमच्यार आसत. आता असोच खंय कोण एकटो पडलेलो असात, हाक मारूचो आवाज तेच्याकडे नसात, तर तेच्यासाठीय कोणाची तरी गाडी थांबव रे म्हाराजा."

सगळ्यांच्या आधी मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."