बाहेरच्यांसाठी तीस

चाकणच्या रस्त्याने आमचं घर आणि गोठा यांची ताटातूट केली. घर अलीकडे, म्हशी पलीकडे, आणि मधून कंपन्यांकडे सुसाट जाणारे कंटेनर. सासूबाईंचा जीव म्हशींत, त्यामुळे रोज सकाळी माझा जीव टांगणीला.

वेगमर्यादेच्या बोर्डासाठी धाकट्या दिरांनी रान उठवलं. रास्ता रोको केला, साहेबांना घाम फोडला. ताशी तीसचा बोर्ड लागला तेव्हा सासूबाईंच्या हातून त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. "आता बिनघोर जा, आई," म्हणाले. खोटं कशाला बोलू, मला त्या दिवशी दिरांचा फार अभिमान वाटला.

आणि नवल म्हणजे कंटेनरवाले खरंच हळू जाऊ लागले. मुलूख परका, गावकऱ्यांच्या हाताची भीती. धुरळा उडवत जायच्या त्या आमच्याच गावच्या गाड्या, जमिनी गेल्यावर दारात आलेल्या. मी दिरांपाशी विषय काढला, तर हसले.

"वहिनी, त्यो बोर्ड बाहेरच्यांसाठी हाय. आमाला आमचाच रस्ता कोण शिकवणार?"

मला वाटलं, चेष्टा करतायत.

त्या सकाळी मी ओट्यावर उभी होते. सासूबाई रस्त्याच्या कडेला थांबलेल्या. एक कंटेनर बोर्डापाशी हळू होऊन पुढे गेला. त्याच्या मागून पांढरी गाडी भरधाव आली. सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि अगदी निवांतपणे रस्त्यात पाऊल टाकलं. ब्रेक लागले, पण उशिरा. गाडी दिरांची होती.

दवाखान्यात ते ढसाढसा रडले, तेव्हा मलाही त्यांची कीव आली. पण सासूबाईंच्या पायात सळई बसली, म्हशी विकाव्या लागल्या, आणि गावात बोललं जाऊ लागलं की म्हातारीला आता दिसत नाही. ते पसरवणारे कोण, हे कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. पोटच्या पोरानेच आईला आंधळी ठरवलं होतं.

मी सासूबाईंच्या खाटेशी बसले आणि सरळ विचारलं, "आई, गाडी दिसली नव्हती का तुम्हांला?"

"दिसली की," त्या म्हणाल्या. "लांबूनच वळखली. आपल्याच पोराची हाय म्हणलं, थांबंल."