शेंगतेलातले मालक

रंगारी आणि चित्रकार यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: रंगारी दार रंगवून निघून जातो, चित्रकार खाली आपलं नाव घालतो. माझं शिक्षण उर्दू तिसरीचं. तेही पाटीवर मास्तरांचं तोंड काढलं आणि ते हुबेहूब आलं, म्हणून तिथंच थांबलेलं. पण नाव मला लिहिता येत होतं, बाळबोध लिपीत, चांगलं वळणदार. लिहायला जागा कुणी देत नव्हतं.

निजामाच्या राज्यात आमच्या धाराशिवला माझ्यासारख्यानं रंगवायचं तरी काय? पोळ्याला बैलांची शिंगं, तमाशाचे पडदे, देवळाच्या दारावरचे द्वारपाल. तेलरंगात माणसाचं तोंड काढायची विद्या मी सोलापुरात राहून शिकलो होतो. पण इथं ज्यांची तोंडं टांगण्यासारखी होती त्यांना ऐपत नव्हती, आणि ज्यांना ऐपत होती त्यांची... जाऊ द्या.

अशात बेंबळीकडच्या एका बड्या जमीनदाराचं बोलावणं आलं. सगळा गाव त्यांना मालक म्हणायचा. मालकांना तहसीलच्या दरबारात बसायला खुर्ची मिळाली होती. खुर्ची मिळाली म्हणून त्यांनी शेरवानी शिवली, काळ्या गोंड्याची लाल रुमी टोपी आणली, आणि ती घालून गावातून एक फेरी मारली. कुत्री मागं लागली. तेव्हा त्यांनी ठरवलं, की हा थाट अंगावर वागवण्यापेक्षा चित्रात काढून सोप्यातल्या भिंतीवर टांगलेला बरा.

मी सोलापूरहून रंगाची पूड आणली. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावरच्या जमादारानं लाल पुडी उघडून हुंगली. "इत्ता गुलाल? शादी किस की है?" म्हणाला. मी म्हटलं, "टोपीची." त्यानं सोडलं.

पहिल्याच दिवशी मी मालकांना सांगितलं, "चित्र झालं की खाली कोपऱ्यात माझं नाव घालीन."

मालक खुर्चीत बसले होते. हलायचं नाही असं मी सांगितलं होतं, तरी हलले. "कुठं? माझ्या पायाशी?"

"पायाशी न्हाय मालक, कोपऱ्यात."

"आरं रंगाऱ्या, न्हावी दाढी करतो, तो काय माझ्या गालावर सही करून जातो का?"

सोप्यातली सगळी माणसं हसली. मीही दात दाखवले; खोटं कशाला सांगू. पण नाव घातल्याबिगर हे चित्र सोडायचं न्हाय, हे मनात त्याच वेळी पक्कं झालं.

मग तेलाचं निघालं. कोरडी पूड दगडावर जवसाच्या तेलात घोटायची असते. जवसाचं तेल वाळतं, रंगाला धरून ठेवतं. मी जवसाची बाटली काढली तशी मालकांनी नाकाला उपरणं लावलं.

"जवस? जवसाची चटणी आमचे गडी खातात भाकरीसंगं. माझं तोंड तू जवसात काढणार?"

"मालक, चित्राला तेच लागतंय."

"माझ्या घरात बाजारचं काय चालत न्हाय. आपल्या रानातल्या शेंगा हायेत, आपला घाणा हाय. शेंगाचं तेल घे. पायजे तेवढं घे."

शेंगाच्या तेलात भजी तळावीत. त्यात रंग घोटला तर तो जन्मात सुकत न्हाय. मी चारचौघांत, मोठ्यानं, नीट सांगितलं, "मालक, शेंगतेलात काढलं तर हे चित्र कधी वाळणार न्हाय."

मालकांचं तोंड फुललं. "मग लईच ब्येस की! आमचं घराणं कधी वाळलं न्हाय, चित्र कशाला वाळंल? तुझ्या तोंडात साखर पडो." आणि खरंच मला गूळ दिला. साखर बाजारची ना.

आता आशीर्वाद म्हणून घेतलेलं माणसाला परत कसं समजावणार? तरी मी एकदा तोंड उघडलं. ते म्हणाले, "गप. शुभ बोललास, आता बिघडवू नगंस." मी गप बसलो आणि शेंगतेलात मालक काढले. चित्र झकास उतरलं. टोपी तर अशी, की गोंडा आता हलंल. नाव तेवढं घालू दिलं नाही.

धाराशिवला आमच्या शेजारी चौकटी करणारे एक म्हातारे चाचा होते. चित्राची चौकट त्यांचीच. त्यांनी टोपीच्या कडेला बोट लावलं, बोट लाल झालं. "क्या उस्ताद, ये सूखता कब?"

"वाळणार न्हाय म्हणून सांगितलं तर गूळ मिळाला, चाचा."

"तो फिर खाओ गूळ," चाचा म्हणाले, आणि बोट माझ्याच सदऱ्याला पुसलं.

सोप्यात टांगल्यावर चित्रानं आपला गुण दाखवला. रोज माश्या चिकटायच्या, खळ्याच्या दिवसात भुसा उडून मिशांवर बसायचा. एका व्याह्यांनी कौतुकानं गालावरून हात फिरवला. गालावर त्यांची बोटं उमटली आणि त्यांच्या धोतरावर मालकांचा गाल. शेवटी मालकिणीनं पुढं मलमलीचा पडदा सोडला. पाहुण्यांना वाटायचं, केवढी ही अदब! नुसत्या तसबिरीला पडदा! मालकांनीही पुढं तसंच सांगायला सुरुवात केली.

मग अठ्ठेचाळीसच्या भादव्यात नळदुर्गाच्या बाजूनं हिंदुस्थानची फौज आली आणि निजामाचं राज्य गेलं. त्यानंतरचे दिवस वाईट होते, चाचांसारख्या मुसलमानांना तर फारच. चाचा बायकापोरांना घेऊन पाहुण्यांकडं निघून गेले होते, त्यांच्या दुकानाची किल्ली माझ्या कनवटीला होती. ते परत आले तेव्हा किल्ली दिली. ते रंधा मारत बसले, मी रंग घोटत बसलो.

तेवढ्यात बेंबळीहून गडी आला. "मालकांनी बोलावलंय. टोपी बदलायची हाय."

गेलो. मालक खादीत. डोक्यावर पांढरी टोपी, इतकी कडक की कुत्र्यांनीसुद्धा ओळखलं नसावं. म्हणाले, "चित्रातली ती लाल काढ, ही घाल. नव्या सरकारचे सायेब यायचेत दिवाळीनंतर."

मी म्हटलं, "घालतो. पण नाव घालू दिलं तर."

मालक दाराकडं पाहायला लागले, भिंतीकडं पाहायला लागले. न्हाव्याचा दाखला या वेळी आठवला नाही. "बारीक घाल," म्हणाले. "आन् तेल आपलंच वापर."

टोपी मी त्यांच्याच तेलात केली. लाल रंग ओलाच होता, फडक्यानं पुसला. जेवढा निघाला तेवढा निघाला. वर पांढरा दिला. कोपरा मात्र सुरीनं खरवडून पार कापडापर्यंत साफ केला, आणि तिथं माझ्या जवसात, माझ्या वळणात, माझं नाव घातलं.

दिवाळीनंतर नवे साहेब आले. मालकांनी मलाही बोलावलं होतं, टोपी बिघडलीच तर हाताशी असावा म्हणून. पडदा सरकवला. खालचा लाल हळूहळू वर चढून पांढऱ्यात मिसळला होता. टोपी गुलाबी झाली होती; लग्नातल्या फेट्यासारखी गुलाबी.

साहेब चित्राजवळ आले. "ही कुठल्या पक्षाची?"

मग साहेब खाली वाकले, कोपऱ्यातलं वाचलं आणि विचारलं, "हे चित्रकार इथलेच का?"

मालकांना सांगावं लागलं, "व्हय. हे काय, उभे हायेत." उभे हायेत! तोवर मी उभा असायचो, त्या दिवशी उभे झालो.

साहेबांची गाडी वळणावर गेली न गेली तोच मालक माझ्यावर फिरले. "मुद्दाम केलंस तू!"

"मालक, रंग माझा, तेल तुमचं. वाळणार न्हाय म्हणून मी आदीच बोललो होतो. गूळ दिला होता तुम्ही."

"नाव काढ ते. आत्ता."

"म्या घातलेलं म्या काढत न्हाय."

"मग मी काढतो." त्यांनी उपरण्याचा बोळा केला आणि कोपरा घासायला लागले. नाव हलेना. जवसात होतं, दीड-दोन महिन्यांत हाडासारखं घट्ट झालं होतं. घासता घासता कोपर वर लागलं आणि शेरवानीची बटणं गेली. सावरायला दुसरा हात टेकला, मिशी गेली. मग रागानं दोन्ही हातांनी सुरू केलं. टोपी कपाळावर आली, कपाळ गळ्यात आलं. खाली नाव तसंच.

आवाज ऐकून मालकीण माजघराच्या दारात आल्या. आधी चित्राकडं बघितलं, मग कोपरापर्यंत लाल-गुलाबी झालेल्या नवऱ्याच्या हातांकडं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "पार रंगारी झालात की हो!"

मालक तसेच हात पुढं धरून उभे राहिले. कशाला पुसावं ते कळेना. खादी नवी होती. असला रंग पाण्यानं जात नाही, तेलानंच सुटतो. मी पिशवीतून बाटली काढून त्यांच्यापुढं धरली.

"जवसाचं हाय, मालक. चालंल का?"