पुसलं गेलं, असं मी सांगितलं

तो विनोद माझ्या तोंडून निसटला नव्हता. आजवर कोणालाच, अगदी बायकोलाही, मी हे सांगितलेलं नाही. माफीनाम्यात ‘अनवधानाने’ असा शब्द होता आणि तो मी माझ्याच आवाजात वाचला. खरं म्हणजे आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर मी तो चौघांना ऐकवून पाहिला होता. चौघंही हसले. एकाला तर ठसका लागला. मग मी तो वहीत लिहून घेतला.

चंद्रपुरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर मी बारा वर्षं सकाळचा कार्यक्रम करत होतो. सहा ते आठ. गाणी, बाजारभाव, एसटीच्या वेळा आणि मधूनमधून माझी टवाळी. आमचा आवाज मूल, सिंदेवाही या तालुक्यांकडच्या जंगलातल्या गावांपर्यंत जायचा. मोहाच्या दिवसांत बाया उजाडता उजाडता फुलं वेचायला निघत, तेव्हा रेडिओ सोबत नेत आणि फांदीला टांगून मोठ्याने लावत. आवाज असला की जनावर लांब राहतं, असा त्यांचा हिशेब. हे मला तिथल्याच एका बाईने फोनवर सांगितलं. कार्यक्रमात लोकांचे फोन घ्यायचो, ते सगळे रेकॉर्ड व्हायचे.

“भाऊ, एक सांगू का? राग नका मानू जी.”

“सांगा ना बाई.”

“तुमी सकाळच्याला त्याचं नाव घेता. काल दोनदा घेतलं.”

“कोणाचं?”

“त्याचंच. आता मी कशी घेऊ? आमी मोहाखाली वाकून राह्यतो, वर तुमचा रेडिओ. तुमाले नेतो कायले, तं तो दूर राहावा म्हून. अन् तुमीच त्याले हाका मारता!”

मी हसलो. तीही हसली. वाघ म्हणायचं नाही तर काय म्हणू, असं मी विचारलं. “मामा म्हणा. नाई तं काईच म्हणू नका, गाणं लावा.” तेवढ्यात मागून पुरुषाचा आवाज आला, “अवो, मीठ कुठी ठेवलं?” आणि ती फोन धरूनच ओरडली, “तुमच्या नाकासमोर हाये!” मग मी अगदी थाटात म्हणालो, “शब्द दिला बाई. मोहाच्या दिवसांत माझ्या तोंडून त्याचं नाव निघणार नाही.” ती म्हणाली, “लबाड नका बोलू हं.”

पुढच्याच वर्षी मोहाच्याच दिवसांत बातमी आली. फुलं वेचायला गेलेली बाई वाघाने मारली. बातमीत नाव नव्हतं, फक्त गाव होतं. फोनवरच्या त्या बाईचंच गाव. ते वाचल्यावर ती मला आठवली का? आठवली. एवढ्या घरांत तीच कशाला असेल, असं म्हणून मी तो विचार बाजूला सारला आणि टपरीवर गेलो. दुसऱ्या दिवशी सात वाजून काही मिनिटांनी, गाण्याच्या आधी, मी म्हणालो, “मोहाची चढते माणसाले, अन् चाखणा खाते वाघ.”

गावातून एकही फोन आला नाही. ओरड झाली ती शहरात, मोबाईलवर. दोन जाहिरातदार कुरकुरले, तेव्हा साहेबांनी कागद पुढे केला. ‘आमच्या कार्यक्रमात अनवधानाने उच्चारल्या गेलेल्या वाक्यामुळे कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास...’ पहिल्यांदा वाचलं ते फार घाईचं झालं. दुसऱ्यांदा काचेपलीकडचा तंत्रज्ञ म्हणाला, “आवाजात थोडं दुःख टाका ना भाऊ,” आणि आम्हा दोघांनाही हसू फुटलं. तिसरं वाचन चाललं. दोन दिवस ते साडीच्या सेलच्या जाहिरातीआधी वाजत राहिलं. मोठ्या मनाचा माणूस, असं लोकांनी लिहिलं. ते वाचून मला बरं वाटलं, हेही सांगायलाच हवं.

महिनाभराने एक माणूस एसटीने आला. ऊन मी म्हणत होतं. त्याने चपला दाराबाहेर काढल्या, खुर्ची दिली तरी बाकावरच बसला. गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, “ते बोलली होती तुमच्यासंग, मागच्या साली. मी घरीच होतो. तुमच्याकडे असन ना ते बोलणं?”

तेव्हा मला कळलं, ती कोण होती ते.

“फोटो हाये घरी, आधारकार्डाचा,” तो म्हणाला. “आवाज नाई.”

विनोदाबद्दल तो काहीच बोलला नाही. मी आत गेलो. पाच मिनिटांत सापडलं. कानाला लावून पूर्ण ऐकलं, तिच्या ‘लबाड नका बोलू’पर्यंत. बाहेर आलो आणि सांगितलं, “जुनं सगळं पुसलं जातं हो. पुसलं गेलं.”

“असू द्या,” तो म्हणाला. “तुमी तरी काय करान.” पाणी प्यायला. परतीची गाडी कितीला आहे, ते मलाच विचारलं, एसटीच्या वेळा मीच सांगायचो ना. दाराशी चपला घालताना म्हणाला, “तुमची माफी आयकली. तिचं नाव नाई घेतलं तुमी. मले वाटलं दुसऱ्या कोणाची असन.” टोमणा नव्हता तो. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

पुढे वर्षभरात मी ते काम सोडलं, ते रेकॉर्डिंग मात्र सोबत घेऊन आलो. आता जाहिरातींना आवाज देतो. कोण ऐकतं, कुठे ऐकतं, कळत नाही. तिने सांगितलं होतं तसं, त्या दिवसांत मात्र मी कोणाच्या तरी डोक्यावर, मोहाच्या फांदीवर होतो, कोणाच्या तरी भरवशाचा होतो. मार्च लागला की कुठूनतरी मोहाचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास येतो आणि कोणीतरी फोन करून मला दटावावं असं फार वाटतं. मग मी ते रेकॉर्डिंग लावतो. ती हसते, मिठासाठी नवऱ्यावर ओरडते. तो आवाज ज्याच्या हक्काचा आहे त्याच्याकडे नाही आणि मी मात्र हवा तेव्हा ऐकतो.

एकदा मी माझा शब्द त्यातून कापून टाकला. माझ्यासाठी ते दहा मिनिटांचं काम. राहिलेलं त्याला पाठवलं असतं तर त्याला तिचा आवाज मिळाला असता आणि माझं काही कळलंही नसतं. पण कापलेलं ऐकलं तेव्हा ते मला माझ्या माफीसारखंच लागलं, तिसऱ्या वाचनासारखं. मी ते पुसून टाकलं. मूळ रेकॉर्डिंग तसंच आहे.

त्या माणसाला मी त्याच्या बायकोचा आवाज देणं लागतो. न कापता, मी दिलेल्या शब्दासकट, त्याच्या अंगणात जाऊन, तो ऐकेल तोवर समोर बसून. अजून दिलेला नाही.