ऐंशीच्या वर सगळे सारखे

पुण्याहून दादाचा फोन दर रविवारी यायचा आणि त्यात एक प्रश्न ठरलेला असायचा. "काय रे, पोरीला किती टक्के पडले?" २०२० च्या सप्टेंबरपासून पुढे वर्षभर या प्रश्नाला मला धड उत्तर देता आलं नाही. मी वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो, दिवसभर आकडेच बघतो. कुणी आकडा विचारावा आणि मी गप्प बसावं, असं माझं सहसा होत नाही.

आम्ही २०१९ च्या उन्हाळ्यात डब्लिनला आलो आणि तिथल्या क्लोनडॉकिन उपनगरात घर घेतलं. मुलगी तेव्हा नुकतीच बारावी झाली होती, अडुसष्ट टक्के. पुण्यात अडुसष्ट टक्क्यांचं काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक असतं, चांगल्या कॉलेजची आशा सोडायची. इथे त्या टक्क्यांचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एका विद्यापीठाने विचारलं, हे प्रमाणपत्र नक्की कुठल्या पातळीचं? दुसऱ्याने कळवलं, एवढ्यावर पदवीला जागा देता येणार नाही. मग ती वर्षभर एका सुपरमार्केटमध्ये दूध-दह्याच्या विभागात काम करत राहिली. आम्हा नवराबायकोला रात्री जेवताना एकच विषय असे, हिचं पुढे काय.

वाट तिनेच शोधून काढली. बसने वीस मिनिटांवर एक सरकारी कॉलेज होतं. तिथे प्रयोगशाळेच्या कामाचा वर्षभराचा कोर्स करायचा, आणि त्या गुणांवर विद्यापीठात चार वर्षांच्या पदवीला अर्ज करायचा.

"म्हणजे डिप्लोमा?" मी विचारलं.

"नाही बाबा."

"मग फाउंडेशन?"

"तसं म्हणा. पण पुढे जायचं नसेल तर इथेच थांबून नोकरीही करता येते."

"थांबायचं नाहीये," मी म्हटलं.

"मला पण नाही थांबायचं. मला लॅबमध्ये काम करायचंय, आणि त्याला डिग्री लागते."

दादाला मी सांगितलं, डिप्लोमासारखं काहीतरी आहे. तो म्हणाला, "सारखं काहीतरी म्हणजे काय? विद्यापीठ मिळणार का ते सांग."

कोर्समध्ये आठ विषय होते. रसायन, जीवशास्त्र, भौतिक, गणित अशी ओळखीची नावं पाहून मला बरं वाटलं. मग संवादकौशल्य, आणि त्यानंतर वर्क एक्स्पीरियन्स. हा शब्द वाचून मला आमच्या शाळेतला कार्यानुभवाचा तास आठवला. शुक्रवारी शेवटचा तास, पुठ्ठ्याच्या फायली करायच्या आणि सरांचं लक्ष नसेल तर एकमेकांना डिंक लावायचा. प्रगतिपुस्तकात त्याची श्रेणी छापलेली असायची, पण माझ्या वडिलांनी ती कधी वाचल्याचं आठवत नाही. मी मुलीला म्हटलं, यात वेळ घालवू नकोस, रसायन बघ.

नोव्हेंबरात रसायनाच्या पहिल्या प्रकल्पाला चौऱ्याऐंशी मिळाले. वर्ग सगळे स्क्रीनवर, कॉलेजात आठवड्यातून एकदाच प्रयोगाला जायचं, अशा दिवसांत हे वाईट नव्हतं. तरी मी विचारलं, "सोळा कुठे गेले?"

"बाबा, ऐंशीच्या वर सगळे सारखे. ऐंशीला डिस्टिंक्शन. पुढे काही नाही."

"पुढे काही नाही म्हणजे?"

"म्हणजे एक्क्याऐंशी आणि नव्व्याण्णव सारखेच मोजतात."

माझा विश्वास बसला नाही. मी नियम काढून वाचले. पोरगी खरं बोलत होती. डिस्टिंक्शनला अमुक गुण, त्याखालच्या मेरिटला तमुक, आणि आठही विषयांची बेरीज जास्तीत जास्त तीनशे नव्वद. एका विषयात मेरिट आलं की सोळा-एक गुण जाणार. आणि विषय कुठला, याने काही फरक पडणार नव्हता. रसायन आणि कार्यानुभव एकाच वजनाचे होते. हे वाक्य मी तीनदा वाचलं.

"मग वर्गात पहिला कोण, हे कसं कळतं?"

"कळत नाही. कुणी पहिला नसतो."

"तुझ्या मैत्रिणींना किती आहेत?"

"विचारत नाहीत इथे, बाबा. वाईट दिसतं."

माझा चेहरा तिला दिसला असावा. ती म्हणाली, "तुमच्या कारखान्यात नळीचं माप मर्यादेत बसलं की ती पास ना? जास्त छान बसली म्हणून तिला मेडल देता का?"

"ती नळी आहे. तू माणूस आहेस."

ओट्याशी पोळ्या लाटता लाटता बायको म्हणाली, "अहो, मग माणसाला नळीपेक्षा जास्त घासायचं, असं आहे का?"

पुढचा प्रश्न मला रात्रभर छळत राहिला. जागा चाळीस आणि तीनशे नव्वदवाले साठ, तर काय करणार? सकाळी विचारलं. ती पाव भाजत होती. "ड्रॉ काढतात," ती म्हणाली. "कॉम्प्युटर प्रत्येकाला एक नंबर देतो. ज्याचा नंबर वर, त्याला जागा."

आपल्याकडे गुण सारखे आले तर गणिताचे बघतात, ते सारखे तर आणखी कशाचे तरी बघतात. काहीच उरलं नाही तर जन्मतारीख बघतात. काहीतरी बघतातच. इथेही काही कलम असेल, हिने वाचलं नसेल, अशा समजुतीने मी कॉलेजला ईमेल केली. कोर्सच्या प्रमुख बाईंनी चक्क फोन केला. त्या पाच-सहा मिनिटं भारतातल्या कोविडची चौकशी करत होत्या, मग मुलीबद्दल म्हणाल्या, ती ग्रँड आहे, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, अगदी ग्रँड, काळजी करू नका. मी समान गुणांचं विचारलं. त्या म्हणाल्या, हो, ड्रॉ असतो, पण तिचं होईल व्यवस्थित. कशावरून होईल हे विचारायचं राहून गेलं. फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं काय म्हणाल्या, तर मला एवढंच सांगता आलं की फार चांगल्या बाई आहेत.

जानेवारीच्या शेवटी अर्ज भरला. पहिली पसंती डब्लिनचं विद्यापीठ, दुसरी दीडेक तासावरच्या ॲथलोन गावातली संस्था, दोन्हीकडे विज्ञानाची पदवी. ॲथलोनमध्ये पदवी मिळत होती, पण तेव्हा ते विद्यापीठ नव्हतं. दादाला मी फक्त पहिल्या पसंतीचं सांगितलं.

तो हिवाळा सगळं बंद. कार्यानुभवासाठी कुठल्याही प्रयोगशाळेत पाय ठेवू देत नव्हते. कॉलेजने सांगितलं, सुपरमार्केटातलं काम चालेल, पण त्यावर सविस्तर लिहून द्यायचं: काय केलं, काय जमलं, काय शिकलात. मी म्हटलं, तू गणित कर, हे मी एका संध्याकाळी लिहून देतो. इंग्रजी अहवाल लिहिणं माझं रोजचंच काम. मी लिहिलं की तिने सर्व कामं वेळेवर आणि समाधानकारकरीत्या पार पाडली, ग्राहकांशी सौजन्याने वागली, संघभावना दाखवली. दोन पानं, एकही व्याकरणाची चूक नाही. तिने वाचलं आणि कच्चा मसुदा म्हणून पाठवून दिलं.

आठवड्याने स्क्रीनवर त्याच प्रमुख बाई होत्या. मुलगी स्वयंपाकघराच्या टेबलाशी, मी तिच्यामागे चहा करत होतो. बाई म्हणाल्या, भाषा सुंदर आहे, पण हे मॅनेजरने दिलेल्या शिफारशीसारखं वाटतं. इतक्या महिन्यांत काहीच बिघडलं नाही का? असं राहिलं तर मेरिटसुद्धा कठीण आहे.

मी गॅस बंद केला. कॉल संपल्यावर म्हटलं, "हिला तुझ्या चुका हव्यात?"

"हो."

"त्याचे गुण देणार?"

"हो, बाबा."

"चुका लिहायच्या आणि वर डिस्टिंक्शन घ्यायचं." मला ते वाक्य मोठ्याने म्हणूनही उमजेना. आम्हाला मुलाखतीत कुणी विचारलं की तुमचा दोष काय, तर आम्ही सांगायचो, मी जरा जास्तच काम करतो. तेच मी आता सुचवलं. बायको म्हणाली, "हे तुम्ही लग्नाआधी माझ्या वडिलांना पण सांगितलं होतं."

मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "मी एकदा दह्याचे दोन ट्रे वाया घालवलेत."

हे आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. नवीन माल आला की तो मागे लावायचा आणि जुन्या तारखेचा पुढे ओढायचा, हा तिथला पहिला धडा. सुरुवातीच्या दिवसांत तिने घाईत नवे डबे पुढे लावले, दिसायला छान दिसत होते. मागचे तसेच राहिले आणि त्यांची तारीख उलटली. सापडले तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, कुणी लावलं? ही गप्प बसली. दुसऱ्या एका मुलावर संशय गेला. पुढच्या पाळीला हिने जाऊन सांगितलं, मी लावलं होतं.

"काय म्हणाल्या?" बायकोने विचारलं.

"म्हणाल्या, बरं केलंस सांगितलंस. आणि मग मला त्या मुलाला सॉरी म्हणायला लावलं. ते जास्त वाईट होतं."

"हे लिहायचं नाही," मी म्हटलं. "काहीतरी छोटं लिही. उशीर झाला, बस चुकली. विद्यापीठात जाणार तू. चूक केली आणि वर गप्प बसली, हे कागदावर कशाला?"

"तुम्ही कारखान्यात डेव्हिएशन रिपोर्ट लिहिता ना? काय चुकलं, का चुकलं, सगळं?"

"ते लिहावंच लागतं. ती नळी कुणाच्या तरी शरीरात जाते."

"मग लॅबमध्ये मी काय करणार आहे?"

"तो रिपोर्ट आहे. हा प्रवेश आहे." मी हे ठामपणे म्हटलं, पण फरक समजावून सांगा म्हणाली असती तर मला जमलं नसतं. ती समजावून सांगा म्हणाली नाही. तिने लॅपटॉप उचलला आणि वर खोलीत गेली. दोन दिवसांनी जेवताना म्हणाली, "पाठवलं." काय पाठवलं ते आम्हाला दाखवलं नाही. मी कागदावर बेरजा करत राहिलो. सात डिस्टिंक्शन आणि एक मेरिट, सात आणि एक पास. डब्लिनला तीनशे नव्वदच लागणार, हे मागच्या वर्षीवरून दिसत होतं.

निकाल लागला. आठही डिस्टिंक्शन. मी दादाला म्हटलं, सगळीकडे ऐंशीच्या वर. तो म्हणाला, "वर म्हणजे किती?" मी म्हटलं, "वर."

ऑगस्टमध्ये जागा जाहीर झाल्या. डब्लिनच्या कोर्ससमोर तीनशे नव्वद होतं आणि शेजारी एक फुली. फुलीचा अर्थ खाली दिला होता: एवढे गुण असलेल्या सर्वांना जागा मिळालेली नाही. आमच्या मुलीला मिळाली नव्हती. तिला ॲथलोन मिळालं होतं.

मी दाद मागायची म्हणून बसलो, पण कुणाविरुद्ध मागायची ते कळेना. तिच्यापेक्षा हुशार म्हणून कुणाला घेतलं नव्हतं. तिचं काही कमी पडलं म्हणून तिला सोडलं नव्हतं. भांडायला समोर कुणीतरी लागतं. दुपारी मी ॲथलोनचा आकडा पाहिला आणि मांडणी केली. तो तीनशे नव्वदच्या बराच खाली होता. कार्यानुभवात मेरिट आलं असतं तरी ती जागा मिळालीच असती. आणि आठही डिस्टिंक्शन येऊनही डब्लिन मिळालं नव्हतं. म्हणजे त्या हिवाळ्यात आम्ही ज्यावरून भांडलो, त्याने कशातच फरक पडला नव्हता. मी कागद तिच्यापुढे ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "ॲथलोनचा मागच्या वर्षीचा आकडा मी अर्ज भरतानाच बघितला होता."

"मग ते दह्याचं कशाला लिहिलंस? डब्लिनसाठी?"

"झालं होतं ना ते," ती म्हणाली, "म्हणून."

बायकोने विचारलं, जागा घ्यायची का? ती म्हणाली, घेतली, सकाळीच.

सप्टेंबरात आम्ही तिला गाडीने ॲथलोनला सोडलं. एका आजींच्या घरात खोली मिळाली होती. कुकर, पोहे, गोडा मसाला, सगळं तिच्या कपाटात बसलं. परत येताना मोटरवेवर बायकोला मी पुन्हा ती बेरीज सांगायला लागलो. ती म्हणाली, "अहो, पोरगी पोचली. आता बास."

ऑक्टोबर उजाडताच ॲथलोनची संस्था दुसऱ्या एका संस्थेशी जोडून विद्यापीठ झाली. हे होणार असं छापून आलेलं होतं, पण आमचं सगळं लक्ष डब्लिनकडे होतं. मुलीने प्रवेशद्वारावरच्या नव्या फलकाचा फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. त्या रविवारी दादाचा फोन आला.

"काय रे, विद्यापीठ मिळालं का शेवटी?"

"मिळालं."

"डब्लिनचं?"

"नाही. ॲथलोनचं."

"ते तर कॉलेज म्हणालास ना गणपतीत?"

"तेव्हा होतं. आता विद्यापीठ आहे."

"मग पोरगी कधी बदलली?"

"ती नाही बदलली. ती तिथेच आहे, त्याच वर्गात."

"आणि टक्के?"

मी त्याला ऐंशीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली. अर्ध्यावर तो म्हणाला, थांब, तिच्या आईला दे फोन.